चप्पल नंबर दहा

दार सरकवलं की आधी चप्पल बाहेर ठेवते.
पुरुषाची, नंबर दहा, मालाड स्टेशनबाहेरून घेतलेली.
दीडशे सांगितले, नव्वदला दिली.
विकणाऱ्याने विचारलं, मिस्टरांचा पाय केवढा?
मी हवेत हात लांब केले:
एवढा.

मग कप, दोन.
गाडीचं तोंड रस्त्याकडे, किल्ली लावलेलीच,
टाकी अर्ध्याखाली कधी नाही.
पडद्याला जुनी साडी, वाळत घालायचे चिमटे.
घरी सांगितलंय नणंदेकडे जाते,
टपरीवाल्याला सांगते, हे येतीलच मासळी घेऊन.
'हे' कुणीच नाहीत.
पण 'हे' म्हटलं की समोरचा
दोन पावलं मागे सरतो,
एवढं कुंकू अजून शिल्लक आहे भाषेत.

अकरा वर्षं ही ओम्नी शाळेची होती.
चारकोप सेक्टर आठपासून चौदा पोरं, चौदा दप्तरं,
परतीला डब्यांचा आंबूस वास.
सिग्नलला उजळणी घ्यायचे:
कुणी चॉकलेट दिलं तर? नाही!
आईने पाठवलंय म्हणाला तर? नाही!
अन्वित एकदा म्हणाला,
काकू, तू अनोळखी नाहीस का?
म्हटलं, मी व्हॅनवाली काकू.
त्याला पटलं. मला अजून नाही.

सिनेमात हेच दार सरकतं
आणि कुणाला तरी आत ओढून नेतात.
मी ते रात्री आतून ओढते.
खट्.
सगळी मुंबई बाहेर,
एरंगळच्या सुरूंसकट.

त्या अमावस्येला अडीच वाजता
काचेवर टकटक.
दोन बोटांची. पोलीस नव्हे, ते तळहात मारतात.
"ओ बाय."
मी रिकाम्या सीटला हाक मारली,
अहो, उठा ना, बघा कोण आहे.
अहो उठले नाहीत.
हात हॉर्नवर ठेवून चिमटा बोटभर सरकवला.

टकटक करून तो मागे गेला होता,
चांगली दहा पावलं.
टॉर्च माझ्यावर नव्हता,
स्वतःच्या तोंडावर धरलेला, हनुवटीखालून,
पोरं भूत करून दाखवतात तसा.
डोक्याला टॉवेल, पांढऱ्या मिशा, एक डोळा मिटलेला.
"मना बघून घ्या. आता खाली बघा."
उजेड खाली आला.
मागच्या चाकाला पाणी लागलं होतं.
"उधान हाय. दरवाजा नका उघरू.
गारी तेवढी वर घ्या."

दरवाजा नका उघडू.
चौदा पोरांना सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ करवली,
हे कुणी म्हणालं तर काय करायचं
ते मलाही येत नव्हतं.

चाक वाळूत फिरलं, नुसतंच.
पुन्हा फिरलं.
तो ढकलायला आला नाही.
तिथेच उभा, माझ्या पुढची वाळू उजळत.
तिसऱ्यांदा लागलं.

सकाळी बॉनेटवर डावी चप्पल, ओली.
उजवी गेली.
तो लांब होडीला टेकून जाळं सोडवत होता,
वर न बघता मोठ्याने म्हणाला,
"तळ कोरा हाय, बाय.
चोर पयला तळ बघतो."
नाव विचारावंसं वाटलं.
विचारलं नाही. चहा द्यावासा वाटला,
दुसरा कप होताच.
काच बोटभर खाली करून
"बरं" म्हटलं आणि निघाले.
तिथे परत गाडी लावली नाही. चांगला असेल,
पण 'हे' नाहीत, ते त्याला ठाऊक आहे.

मालाडला तोच विकणारा. परत दहा नंबर?
म्हटलं, समुद्राने नेली.
तो गप्प झाला. भाव न करता ऐंशीला दिली,
पिशवीत घालताना माझ्याकडे बघेना.
मी काय सांगणार?

आता मनोरीला खडकावर बसून तळ घासते.
टाच आधी.
ह्यांची चाल टाचेवरची आहे,
थोडी डावीकडे कललेली.